प्लोनीनं पीस खाली ठेवलं

प्लोनीचे हात बारा महिने गरम असत. होल्डरविल गावच्या बायका म्हणायच्या, हिच्या ओंजळीत पीठ ठेवलं तर भट्टीशिवाय पाव फुगेल. हिवाळ्यात आरे नदीवरून बोचरा वारा सुटला की शेजारपाजारच्या बाया आपली कुडकुडणारी पोरं तिच्या मांडीवर आणून टाकायच्या. प्लोनी हसायची, पोरांचे पाय चोळून द्यायची. पण हातांचं कौतुक सुरू झालं की ती विषय बदलायची, कारण याच हातांमुळे तिला टेकडीवरच्या देवळातलं काम मिळालं होतं.

ते देऊळ मारियामातेचं. जन्मताच गेलेली मुलं तिथे आणत. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आत जे मूल गेलं, त्याला पवित्र मातीत जागा नाही. त्याचा जीव स्वर्गातही जात नाही आणि नरकातही नाही. तो मधल्याच एका जागी राहतो, जिथे दुःख नाही, पण देवाचं तोंडही कधी दिसत नाही. असं सगळे मानत. म्हणून लोक थंडगार गाठोडं उराशी धरून टेकडी चढत. वेदीपुढे निखाऱ्यांची शेगडी असे. मुलाला तिच्याजवळ ठेवायचं, अंग चोळायचं आणि ओठांवर बदकाचं एक मऊ पीस ठेवायचं. मग सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना करायची. गालांवर लाली आली, पीस हललं, की मारियामातेनं क्षणभर जीव परत दिला असं समजायचं. फादर लीनहार्ट लगेच पाणी घालत आणि घंटा वाजे. पुन्हा निश्चल झालेलं ते मूल देवळाच्या भिंतीलगत, पवित्र मातीत निजायचं.

प्लोनीची स्वतःची मुलगीही तिथेच होती. तिच्या नवऱ्यानं, योस्टनं, तिला आपल्या कामाच्या कातडी आंगरख्यात गुंडाळून गुडघाभर बर्फातून वर नेलं होतं. योस्ट पिंपं बनवायचा. माणूस दांडगा, पण त्या दिवशी चढावर दोनदा खाली बसला, असं बरोबरच्यांनी सांगितलं. तेव्हा पीस धरायला म्हातारी ओटिली असायची. पीस हललं, मुलीचं नाव अन्ना ठेवलं, घंटा वाजली. खाली घरात बाजेवर पडलेल्या प्लोनीनं घंटा ऐकली आणि ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली.

पुढे तिला मूल झालं नाही. ती मेणबत्ती घेऊन वर जाऊ लागली, मग ओटिलीला हाताखाली मदत करू लागली, आणि ओटिलीची नजर गेल्यावर शेगडीजवळची जागा आपसूक तिच्याकडे आली. काम अवघडच, पण ती ते जीव लावून करायची. तिच्या हातांत मुलं लवकर रंगावर यायची.

एका शरद ऋतूत नदीपलीकडून एक जोडपं आलं. बाई बाळंतपणातून उठून तशीच चालत आली होती. मेलेल्या मुलासाठी आलेलं दूध तिच्या चोळीतून बाहेर झिरपत होतं. दुपार कलली, प्रार्थना म्हणून म्हणून लोकांचे घसे बसले, तरी पीस हलेना. फादर लीनहार्ट भिंतीला टेकून उभे होते, त्यांचेही पाय भरून आले होते. ती बाई आता देवाकडे बघतच नव्हती, ती प्लोनीच्या हाताकडे बघत होती. प्लोनीनं पायानं शेगडी जरा पुढे सरकवली. अगदी जराशीच. निखाऱ्यांची ऊब वर आली आणि पीस उचललं गेलं.

"हललं!" बाईचा नवरा ओरडला.

घंटा वाजली. बाईनं प्लोनीचे दोन्ही हात धरून त्यांचे मुके घेतले.

घरी आल्यावर प्लोनीनं पेजेची वाटी बाजूला सारली. योस्टनं विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "पाय दुखतोय." खोटं नव्हतं ते. तो पाय तिला स्वतःचा वाटेनासा झाला होता. मुलाला ऊब मिळावी म्हणून शेगडी सरकवली, असं ती स्वतःला समजावायची. पण मूल सकाळपासून उबेतच होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ओटिलीनंही त्या बर्फाच्या दिवशी असंच काही केलं असेल का, हा प्रश्न एकदा मनात शिरला तो शिरलाच. ओटिलीला विचारायची सोय नव्हती. ती तोवर मातीआड झाली होती.

त्याच सुमारास गावात नव्या शिकवणीचं वारं शिरलं: बायबलात लिहिलंय तेवढंच मानायचं, मूर्ती-मिरवणुका नकोत. योस्ट पिंपं घेऊन बर्नला जायचा, आणि येताना डोकं भरून घेऊन यायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण कुणी शुभवर्तमान जर्मनमध्ये वाचून दाखवलेलं त्याला शब्दन् शब्द आठवायचं. पिंपाच्या फळ्या तासताना तो ते मोठ्यानं म्हणायचा. गावात दोन तट पडले. सरायीत एका बाकावरची माणसं दुसऱ्या बाकावर बसेनाशी झाली. मिरवणूक समोरून गेली तेव्हा योस्टनं टोपी काढली नाही, तर प्लोनीच्या बहिणीनं, ट्रीनीनं, भर रस्त्यात त्याला सुनावलं, "टोपी डोक्याला चिकटली असेल तर सांग भावजी, उकळतं पाणी आणते!"

एकदा जेवताना योस्ट म्हणाला, "प्लोनी, तू वर जाणं बंद कर. ते सगळं माणसांनी रचलेलं आहे. मेलेलं मूल शेगडीनं जिवंत होत नाही."

प्लोनीनं चमचा खाली ठेवला. "मग आपली अन्ना?"

योस्टनं पावाचा तुकडा मोडला.

"बोल ना. कातड्यात गुंडाळून तूच नेलंस तिला. घंटा वाजली तेव्हा ढसाढसा रडलास म्हणे."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"आता काय ठाऊक झालंय? ती कुठे आहे, ते ठाऊक झालंय?"

"देवाच्या कृपेत..."

"बाजारातून आणलेलं बोलू नकोस. तुझं स्वतःचं सांग."

 योस्ट उठून फळ्या तासायला गेला, आणि त्या दिवशी त्यानं शुभवर्तमान म्हटलं नाही.

प्लोनीला खरं तर नवऱ्याचं खोडून काढायचं नव्हतं. तिला ते खरं ठरायला हवं होतं, आणि नेमकी त्याचीच भीती वाटत होती. फादर म्हणतात ते खरं असेल, तर नदीपलीकडचं ते मूल आपल्या पायामुळे खोट्या बाप्तिस्म्यावर कायमचं अडकलं. कदाचित अन्नाही. नवे लोक म्हणतात ते खरं असेल, तर मधली जागाच नाही, मुलं सुटली. पण मग मी हे मानणार ते खरं आहे म्हणून, की मला सुटका हवी म्हणून? कपडे धुताना, गाईची धार काढताना हा एकच घोळ तिच्या डोक्यात चालायचा. चर्चमध्ये मिस्साची उपासना चालू असताना तिचे डोळे वेदीवरून निसटून शेगडीचा आकार शोधत.

शेवटी ती उपदेशकाकडे गेली. मॅथिस ब्रुगर त्याचं नाव. एकेकाळचा संन्यासी. मठ सोडून त्यानं लग्न केलं होतं, आणि अजून चर्च हाती न आल्यामुळे चांभारांच्या गोठ्यात प्रवचनं करायचा. लोक त्याला मास्तर म्हणत. प्लोनी गेली तेव्हा तो अंगणात सरपण फोडत होता, आणि कुऱ्हाड कशी धरावी हे मठात कुणी शिकवलं नव्हतं हे उघड दिसत होतं.

"मास्तर, माझी मुलगी कुठे आहे?" तिनं एकदम विचारलं.

त्यानं घाबरून कुऱ्हाड टाकली. "हरवली? शेवटची कुठे दिसली होती?"

"टेकडीवर. मातीखाली."

मॅथिस ओंडक्यावर बसला. तिनं सगळं सांगितलं. शेगडीचंही सांगितलं. आजवर ते कुणालाही सांगितलं नव्हतं, फादरपुढच्या पापनिवेदनातसुद्धा नाही. 

"मधल्या त्या जागेबद्दल शास्त्रात एक अक्षर नाही," तो म्हणाला.

"म्हणजे ती नाहीच?"

"माणसांनी काढलेली आहे."

"आणि माझी अन्ना स्वर्गात आहे, असं अक्षर आहे का?"

"देवानं अब्राहामाला वचन दिलं की मी तुझा आणि तुझ्या संतानाचा..."

"हो की नाही तेवढं सांगा. मला घरी जाऊन गाय बांधायची आहे."

मॅथिसनं तळहातावरचा फोड चाचपला. "तिचं नाव घालून लिहिलेलं नाही. मी आशा धरतो. भक्कम आशा धरतो. पण मी तिथे जाऊन पाहून आलेलो नाही."

"फादर तर खात्रीनं सांगतात."

"तीच तर सगळी भानगड आहे, बाई."

प्लोनी चिडून निघाली. एवढा वाद, एवढ्या शिव्या, बाकं वेगळी झाली, आणि शेवटी म्हणे आशा! पण गावाच्या वेशीपर्यंत येताना तिच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा धर्म सांगणाऱ्या एका माणसानं तिला "मला माहीत नाही" असं सांगितलं होतं. तिला त्याचा राग येत होता आणि तिचा विश्वासही त्याच्यावरच बसत होता. दोन्ही एकाच वेळी.

तरीही ती वर जात राहिली. सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा. मग लेंटचे उपास सुरू व्हायच्या थोडं आधी वरच्या वाडीतला गवळी एकटाच मूल घेऊन आला. त्याची बायकोही गेली होती. फादर लीनहार्टनी निखारे फुलवले. प्लोनीनं पीस उचललं, मुलाच्या तोंडाशी नेलं, आणि तिचा हात थांबला. तिनं पीस वेदीच्या पायरीवर ठेवून दिलं.

"काय झालं?" फादरनी विचारलं.

"माझ्याच्यानं होणार नाही." ती गवळ्याकडे वळली. "भाऊ, मूल घरी ने. त्याला नाव दे. आईच्या कुशीत ठेव आणि दोघांना एकत्र माती दे. देवाला ते ठाऊक आहे. माझ्या पिसाची त्याला गरज नाही."

 गवळी तिच्या पायांपुढे थुंकला. "योस्टची बायको ना तू? म्हणजे पाखंड्यांनी आता मेलेली पोरंही सोडली नाहीत!"

फादर लीनहार्टनी त्याला शांत केलं, बाहेर बसवलं आणि परत आले. मऊ स्वभावाचा म्हातारा होता तो. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं बाप्तिस्मा दिला होता, प्लोनीलाही.

"शेगडी सरकवलीस कधीतरी, तेच ना?" त्यांनी हलकेच विचारलं.

प्लोनी दचकली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी भिंतीपाशी उभा असतो, पोरी. मला शेगडी दिसते, आणि आईचं तोंडही दिसतं." ते पायरीवर बसले. "उद्या या बाया टेकडी चढून कुणाकडे जातील? त्यांना काय देशील तू? गोठ्यातलं प्रवचन?"

"खोटं तरी देणार नाही."

"खोटं!" म्हातारा पहिल्यांदाच चिडला. "देव निखाऱ्यातून काम करू शकत नाही, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या पायातून करू शकत नाही? तू त्यांच्या ओंजळीतून काय काढून घेते आहेस, कळतंय का तुला?"

 याचं उत्तर प्लोनीला पुढे कितीतरी वर्षं सापडलं नाही. तिनं अंगावरची शाल सावरली आणि ती टेकडी उतरली. मागे घंटा वाजते का म्हणून ती कान देऊन चालत होती. घंटा वाजली. पीस फादरनी स्वतः धरलं असणार. त्या आवाजानं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा संताप आला.

पुढे बर्नमध्ये दोन्ही बाजूंचा मोठा जाहीर वाद झाला, तिथल्या सरकारनं मिस्सा बंद केली, आणि हुकूम घेऊन माणसं होल्डरविलला आली. गाव रातोरात नव्या धर्माचं झालं, म्हणजे कागदावर झालं. फादर लीनहार्ट गाठोडं बांधून नदीपलीकडे, झोलोथुर्नच्या मुलखात गेले. तिथे जुना धर्म टिकून होता. त्यांच्याबरोबर बरेच लोक गेले. ट्रीनी आणि तिचा नवराही गेले. मारियामातेची लाकडी मूर्ती ट्रीनीनं शालीत गुंडाळून हातगाडीत घातली, वर सलगमाची रास रचली आणि पुलावरच्या पहारेकऱ्याला तोंड वर करून सांगितलं, "सलगम आहेत. पाखंडी सलगम. तपासायचेत?"

जाताना ती बहिणीला म्हणाली, "तू कालपर्यंत आमच्यात होतीस म्हणून हे जास्त लागतं, प्लोनी. योस्टचं काय, तो पिंपातच जन्मला."

देऊळ पाडायला आलेल्यांत योस्ट होता. प्लोनीही वर गेली. वेदी फुटली, शेगडी दरीत गेली, तेव्हा ती बघत उभी होती. मग दोघे जण पहारी घेऊन भिंतीलगतच्या मातीकडे वळले. अंधश्रद्धेचं मूळच उखडायचं, असं त्यांचं म्हणणं. प्लोनी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"दगड फोडा. ही पोरं आहेत."

"बाई, बाजूला हो. तू तर आपल्यातली ना?"

"आपल्यातलीच आहे. म्हणून सांगते. पवित्र मातीनं काही होत नाही म्हणता ना? मग ती पवित्र असली काय न् नसली काय, खणायची गरजच काय?"

ते एकमेकांकडे बघू लागले. योस्ट हातातली पहार टाकून बायकोशेजारी येऊन उभा राहिला. माती तशीच राहिली. पुढे तिथे काटेरी झुडूप वाढलं, आणि गुराखी तिकडे गुरं नेईनात.

प्लोनीनं त्या ईस्टरला पहिल्यांदा नव्या पद्धतीचं प्रभुभोजन घेतलं. साधा पाव, लाकडी पेला. पेला तोवर फक्त फादरच्या ओठांना लागायचा. आता तो तिच्या हातात आला. द्राक्षारस आंबट होता. सगळ्यांसारखं आपल्यालाही आत काहीतरी मोकळं होईल, अशी तिची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. पण पेला परत देताना हात थरथरला नाही, एवढं तिनं मनाशी नोंदवलं.

नंतर ती सुईण झाली. जुन्या धर्मात अडचणीला सुईणही बाप्तिस्मा देऊ शकायची, नव्यात ते बंद होतं, त्यामुळे मरणाऱ्या मुलापुढे तिचे गरम हात नुसते हातच राहायचे. ती मूल आईला द्यायची आणि म्हणायची, "नाव ठेव. नाव घेऊन हाक मार." काही बायका तिचं ऐकायच्या. काही तिच्या तोंडावर दार लावायच्या आणि गुपचूप कुणाबरोबर तरी मूल नदीपलीकडे पाठवायच्या. ती कुणाचीही चहाडी करत नसे.

मग एका वसंतात ट्रीनीचा निरोप आला. बहिणी पुलावरच्या बाजारात भेटायच्या तेवढ्याच, आणि तिथेही भांडून परतायच्या. या वेळी ट्रीनी भांडली नाही. तिच्या मुलीला, मार्ग्रेटला, मेलेलं मूल झालं होतं. त्या मुलखात डोंगरात तसलंच एक देऊळ होतं. मार्ग्रेट स्वतः जायचं म्हणत होती आणि ऐकत नव्हती.

"मी म्हातारी झाले, तिचा नवरा लढाईवर," ट्रीनी म्हणाली. "तुला त्यावर विश्वास नाही, मला ठाऊक आहे. पण चढ मोठा आहे गं."

प्लोनी गेली. मूल तिनंच उचललं. मार्ग्रेट तिच्या खांद्यावर भार टाकून चालत होती. वाटेत पोरीनं विचारलं, "मावशी, तुझ्या हातात मुलं लवकर रंगावर यायची ना? आत येशील?"

"दारापर्यंत येते."

"का?"

"आत आले तर तुझ्यासाठी काहीतरी करून बसेन, बाळ."

दारात तिनं गाठोडं मार्ग्रेटच्या हातात दिलं आणि ती बाहेर दगडावर बसली. आतून प्रार्थनेचा आवाज येत राहिला. तोंडपाठ होती ती. तिचे ओठ हलायला लागले तेव्हा तिनं ते दातांखाली दाबले.

ही बातमी तिच्याआधी होल्डरविलला पोचली. गावात आता धर्मसभा होती. उपदेशक आणि पंच लोकांच्या वागण्याचा न्याय करत. पंचांत योस्टही बसायचा.

"मूर्तिपूजकांच्या देवळात गेली होतीस?" एका पंचानं विचारलं.

"दारापर्यंत."

"आत का नाही गेलीस?"

"माझा विश्वास नाही त्यावर."

"मग गेलीसच कशाला?"

"पोरीला एकटीला उचललं नसतं."

उपदेशक मॅथिस आता पोक्त झाला होता. त्याचीही दोन मुलं तोवर मातीआड गेली होती. त्यानं तिला सोपं उत्तर सुचवलं, "चूक झाली म्हण, प्लोनी. एवढंच म्हण."

"कुठली चूक ते सांगा, मास्तर. गेले ती, की आत नाही गेले ती? मला दोन्ही जाचतात."

कुणी हसलं. योस्ट हसला नाही. पुढच्या ईस्टरपर्यंत तिला प्रभुभोजनाला येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. योस्टनं इतरांबरोबर हात वर केला. घरी आल्यावर त्यानं तिच्यासाठी वाळलेल्या नासपती भिजत घातल्या. हे काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. ती त्या खाऊन म्हणाली, "पाणी जास्त झालं." 

ईस्टर आला आणि गेला. तिला परत घेतलं. ती पुन्हा पेल्याच्या रांगेत उभी राहू लागली, आणि मरेपर्यंत राहिली. तिला कुणी विचारलं, "पश्चात्ताप होतो का जुना धर्म सोडल्याचा?" तर ती म्हणायची, "नाही." आणि थोड्या वेळानं, "पण मी काही आरामात बसलेली नाही." मॅथिसनंतर गावात आणखी उपदेशक आले. प्रत्येकाला तिनं अन्नाबद्दल विचारलं. एकानं लॅटिनमध्ये बरंच काही सांगितलं, एक रागावला. एकानं खात्रीनं सांगितलं की ती स्वर्गात आहे, आणि त्याच्यावर तिचा कधी विश्वास बसला नाही.

ती गेली तेव्हा भर उन्हाळा होता, गवत कापणी चालू होती. नव्या रिवाजाप्रमाणे घंटा नाही, मेणबत्ती नाही, मेलेल्यासाठी प्रार्थना तर नाहीच. माणसं टोप्या हातात घेऊन उभी राहिली. ट्रीनी पूल ओलांडून आली होती. ती मागे, कुंपणापाशी थांबली, आणि तिचा हात एप्रनखाली सारखा हलत होता. जपमाळेचा एकेक मणी, एकेक मणी. एक पंच मान वळवून तिकडे बघायला लागला. म्हातारा योस्ट दोन पावलं बाजूला सरकला आणि आपल्या रुंद पाठीनं ट्रीनीला आडोसा करून तसाच उभा राहिला, तिची माळ पुरी होईपर्यंत.